मराठवाड्यातील मंडळीने पवित्र भूमीची यात्रा कशी आखावी

जालना, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरची छावणी अशा कोणत्याही ठिकाणच्या ख्रिस्ती मंडळीत पवित्र भूमीच्या, म्हणजे बायबलमधील घटना जिथे घडल्या त्या प्रदेशाच्या, यात्रेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा ‘काय काय दाखवणार’ हा असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे तिसऱ्याच एका प्रश्नावर अवलंबून असतात. पवित्र शास्त्रातील कोणते उतारे त्यांच्या मूळ जागी उभे राहून वाचण्यासाठी आपण एवढा प्रवास करणार आहोत? हे आधी ठरले नाही, तर यात्रेची सूत्रे आपोआप टूर कंपनीच्या हाती जातात, दहा-बारा दिवसांत जमतील तेवढी स्थळे दाखवली जातात, आणि परतल्यावर गालीलातले चर्च कोणते नि यरुशलेमातले कोणते हे स्वतःचेच फोटो पाहून लोकांना सांगता येत नाही. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, स्थळे कमी घ्यावीत, प्रत्येक ठिकाणी थांबायला वेळ ठेवावा, आणि त्या स्थळाचे वचन आपल्यापैकीच कोणीतरी तिथे मराठीत मोठ्याने वाचावे. पुढील सर्व सूचना याच हेतूने केलेल्या आहेत.

तयारी मंडळीतच सुरू करावी

यात्रेच्या किमान एक वर्ष आधी एक लहान समिती नेमावी. तीत पाळकसाहेब किंवा फादर असतीलच. त्यांच्याबरोबर हिशेबात चोख असलेली एक व्यक्ती, एक परिचारिका किंवा डॉक्टर, आणि इंग्रजीत सहज बोलू शकणारे एक-दोन तरुण असावेत. आपल्याकडच्या मंडळ्यांत मिशन हॉस्पिटलांतून निवृत्त झालेल्या परिचारिका आणि शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक बहुधा असतातच. त्यांच्या अनुभवाचा उपयोग इथे होतो, तेव्हा त्यांना केवळ सन्मानापुरते बोलावू नये.

त्यानंतर महिन्यातून एकदा यात्रेचा अभ्यासवर्ग घ्यावा. वर्गाच्या भिंतीवर मोठा नकाशा लावावा आणि गालीलाचा समुद्र, यार्देन नदी, मृत समुद्र आणि यरुशलेम या चार खुणा सर्वांच्या डोळ्यांत पक्क्या बसेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण शुभवर्तमानांतील बहुतेक प्रवास याच चार खुणांच्या आधाराने समजतो. मग प्रत्येक यात्रेकरूला एक उतारा नेमून द्यावा. नासरेथच्या सभास्थानातील लूक ४ चा उतारा एखाद्या निवृत्त शिक्षकाला द्यावा. पेत्राच्या सासूचा ताप उतरल्याची मार्क १ मधील हकिकत ज्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली त्या बाईंनी कफर्णहूमात वाचावी. आणि पेरणाऱ्याचा दाखला सरोवराच्या काठी अशा शेतकऱ्याने वाचावा, ज्याने खडकाळ जमिनीत पेरलेले बी उगवून वाळताना स्वतः पाहिलेले आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी एखादे लहान स्तोत्र पाठ करावे. वर्षभर घरी पुन्हा पुन्हा वाचलेला उतारा त्या जागी वाचताना आवाजात जो फरक पडतो, तो सगळ्या गटाला ऐकू येतो. या वर्गाला यात्रेला न येणाऱ्यांनीही बसावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पैशामुळे किंवा प्रकृतीमुळे मागे राहणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते आणि अभ्यासासाठी पासपोर्ट लागत नाही.

जालन्याच्या यात्रेकरूंना एक वेगळी इच्छा असते, तिचा इथेच उल्लेख करतो. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला बेथेल हे नाव दिले. त्यामुळे याकोबाने दगड उशाशी घेऊन शिडीचे स्वप्न पाहिले ते मूळ बेथेल पाहावे, असे तिथल्या लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक अभ्यासक त्याची ओळख रामल्लाजवळच्या बेतीन या गावाशी जोडतात. नेहमीच्या यात्रामार्गांत ते येत नाही, आणि त्यासाठी अर्धा दिवस काढणे वृद्धांच्या गटाला परवडणारे नाही. उत्पत्ती २८ वा अध्याय निघण्यापूर्वी आपल्याच बेथेलमध्ये एकत्र वाचून प्रवासाला आरंभ करावा, हे मला अधिक योग्य वाटते.

कधी जावे आणि कधी थांबावे

हवामानाच्या दृष्टीने मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. मे महिन्याची सुट्टी शिक्षकांना सोयीची वाटते; परंतु यरीहो आणि मृत समुद्राच्या खोऱ्यातील ऊन तोवर मराठवाड्याच्या उन्हाळ्यासारखेच अंगावर येते, आणि ते सोसत दिवसभर चालायचे असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात यरुशलेमात पाऊस आणि बोचरी थंडी असते. शेतकरी कुटुंबे बरोबर असतील, तर सोयाबीनची काढणी आणि रब्बीची पेरणी उरकल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघणे सर्वांत सोयीचे पडते. पवित्र आठवड्यात यरुशलेमात असावे ही इच्छा मी समजू शकतो. परंतु त्या दिवसांत गर्दी अफाट असते, पश्चिमी आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे पुनरुत्थानाचे सण बहुतेक वर्षी निरनिराळ्या तारखांना येतात, आणि यहुद्यांचा वल्हांडणही त्याच सुमारास असतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्या गर्दीत पवित्र कबरेपर्यंत नेणे जवळपास अशक्य होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील यहुदी सणांच्या तारखाही आधी पाहून ठेवाव्यात.

सुरक्षिततेचा विचार मात्र हवामानाच्याही आधी करायला हवा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेल्या युद्धानंतर असंख्य गटांच्या यात्रा रद्द झाल्या, आणि जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षाच्या काळात त्या प्रदेशातील हवाईमार्गही बंद करावे लागले. म्हणून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पैसे भरण्यापूर्वी, व्हिसाच्या वेळी आणि निघण्याच्या आठवड्यात अशी तीनदा वाचावी. ‘प्रभू सांभाळील’ या विश्वासाने मंत्रालयाचा इशारा बाजूला सारणे मला मान्य नाही, कारण समितीवर इतरांच्या आई-वडिलांची जबाबदारी असते. प्रवास विम्यात युद्धजन्य नुकसान बहुधा वगळलेले असते, ते कलम पॉलिसी हाती घेऊन वाचावे. यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, कोणत्या तारखेपर्यंत मिळेल आणि विमान कंपनीचे पैसे कोण मागणार, हे टूर कंपनीकडून लेखी घ्यावे.

परिस्थिती निवळत नसेल, तर यात्रेचा प्रदेश बदलण्यात कमीपणा मानू नये. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांतील सातही मंडळ्या, म्हणजे इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत आणि बसने एकाच फेरीत पाहता येतात. इफिसातील ज्या भव्य नाट्यगृहात प्रेषितांची कृत्ये १९ मधील गोंधळ झाला, ते आजही उभे आहे. पौलाची पत्रे आवडीने वाचणाऱ्या मंडळीला हा मार्ग पहिल्याइतकाच समृद्ध करील.

कागद आणि पैसा

सर्वांत जास्त वेळ नावांच्या फरकात जातो. आपल्या जुन्या पिढीतील अनेकांचे बाप्तिस्म्याचे नाव मंडळीच्या नोंदवहीत एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे असते. आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे असते. लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी समितीतील तरुणांनी प्रत्येकाचे कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि आधार व पॅनवरील दुरुस्ती आधी करून घ्यावी. टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे बहुतेकांना आता मुंबई-पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पण पोलीस पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम आठ महिने आधीच हातावेगळे करावे. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असली पाहिजे. व्हिसाचे नियम देशागणिक आणि वेळोवेळी बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या सांगण्यावर न जाता दूतावासाची चालू माहिती पाहावी.

टूर कंपनी निवडताना सर्वांत स्वस्त दर पाहून भुलू नये. तीन कंपन्यांकडून दिवसवार कार्यक्रम, हॉटेलांची नावे, प्रवेशशुल्क, सीमाकर, जेवणे, मार्गदर्शक आणि चालकाची बक्षिशी, यांपैकी दरात काय धरले आहे नि काय नाही, हे लेखी मागवावे. पैसे कंपनीच्या खात्यातच भरावेत, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात भरू नयेत. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, आकारला जातो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यास तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. ज्या शेतकऱ्यांनी किंवा निवृत्तांनी कधी विवरणपत्र भरलेले नाही, त्यांना हे आधीच समजावून सांगावे. ठरावीक संख्येच्या गटामागे पुढाऱ्याला एक जागा मोफत देण्याची पद्धत या व्यवसायात आहे. त्या जागेचा खर्च अखेर इतरांच्याच दरात मिळवलेला असतो, म्हणून ती जागा कोणाला दिली हे मंडळीपुढे उघडपणे सांगितले पाहिजे. पाळकसाहेबांना ती मिळणे योग्यच आहे, फक्त ते सर्वांना ठाऊक असावे.

एकरकमी पैसे भरणे बहुतेकांना जड जाते. अशा वेळी दीड वर्ष आधीपासून मासिक हप्ता जमा करण्याची पद्धत उपयोगी पडते. मात्र ती रक्कम स्वतंत्र बँक खात्यात, दोन सह्यांनी चालणाऱ्या व्यवहाराने ठेवावी आणि प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी. यात्रेसाठी शेत गहाण टाकायला किंवा सावकाराकडून उचल घ्यायला कोणी निघाले असेल, तर समितीने त्याला प्रेमाने परंतु ठामपणे थांबवावे. त्याचप्रमाणे, यात्रेच्या व्हिसावर जाऊन कामासाठी तिथेच मागे राहण्याचा विचार कोणाच्या मनात असल्यास त्याला गटात घेऊ नये. ते बेकायदा आहे, आणि त्याचे परिणाम बरोबरच्या निष्पाप लोकांना आणि पुढच्या गटांनाही भोगावे लागतात.

मार्ग कसा आखावा

मराठवाड्यातून निघणाऱ्यांनी मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोहोचावे. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने त्याच दिवशी उतरून थेट विमानतळ गाठण्याचा बेत धोक्याचा आहे. गट मोठा असेल तर समृद्धी महामार्गाने स्वतंत्र बस करणे सामानाच्या दृष्टीनेही बरे पडते.

परिस्थिती अनुकूल असल्यास जॉर्डनमधून आरंभ करावा. अम्मानहून नबो डोंगरावर जाऊन अनुवाद या पुस्तकाचा ३४ वा अध्याय वाचावा. हवा स्वच्छ असेल तर मोशेने जो प्रदेश पाहिला पण ज्यात त्याने पाऊल टाकले नाही, तो यार्देनेच्या पलीकडे यरीहोपर्यंत पसरलेला दिसतो. जवळच मादबा येथील सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातील रंगीत दगडी तुकड्यांचा नकाशा आहे. वर्षभर भिंतीवरचा नकाशा पाहिलेल्या गटाला त्यातील यरुशलेम ओळखून काढण्यात विलक्षण आनंद मिळतो. तेथून यार्देनेकाठचे अल-मगतास, म्हणजे ‘यार्देनेपलीकडील बेथानी’, पाहावे. योहान बाप्तिस्मा देत असे ते स्थळ म्हणून ते प्राचीन काळापासून मानले जाते आणि २०१५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. नदी तिथे अगदी लहान असते. गोदावरीचे पात्र पाहिलेल्यांच्या मनात थोडी निराशा येते, म्हणून यार्देनेचे बरेचसे पाणी वरच शेतीसाठी आणि पिण्यासाठी वळवले जाते हे आधीच सांगून ठेवावे.

जॉर्डनमधून इस्रायलमध्ये पुलावरून जाताना सीमेवर काही तास जातात. सामान कोणी भरले, कोणाबरोबर आलात, गटाचे प्रमुख कोण, असे प्रश्न वृद्धांनाही विचारले जातात. खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे, थट्टा अजिबात करू नये. प्रत्येकाच्या गळ्यात इंग्रजीत नाव, गटप्रमुखाचा फोन आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेले कार्ड असावे. पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी चिठ्ठी दिली जाते, ती हरवू देऊ नये.

यानंतर आधी गालील आणि शेवटी यरुशलेम असाच क्रम धरावा. येशूची सेवा ज्या क्रमाने पुढे गेली, तोच हा क्रम आहे, आणि शिवाय गालीलातील शांत दिवसांनंतर यरुशलेमची दाटी सोसण्याची तयारी झालेली असते. गालीलात तीन रात्री तरी ठेवाव्यात. हे गोड्या पाण्याचे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद असून समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली आहे. भोवतालच्या डोंगरांवरून वारा अचानक खाली उतरतो आणि पाणी पाहता पाहता खवळते. मार्क ४ मधील वादळ तिथल्या कोळ्यांच्या परिचयाचे होते, हे काठावर उभे राहिल्यावर ध्यानात येते. १९८६ मध्ये दुष्काळाने पाणी मागे हटले तेव्हा गिनोसारच्या काठच्या चिखलात दोघा कोळी भावांना एक जुनी होडी दिसली. सुमारे आठ मीटर लांबीची ही होडी पहिल्या शतकाच्या सुमाराची ठरली आणि ती आज तिथल्याच संग्रहालयात आहे. ती कोणा शिष्याची होती असे म्हणायला आधार नाही. पण तेरा माणसे होडीत कशी मावत असतील हा शब्बाथशाळेतला जुना प्रश्न तिच्यासमोर सुटतो.

कफर्णहूमात निदान दोन तास द्यावेत. तिथली जुनी घरे काळ्या बेसाल्ट दगडाची आहेत, आणि वेरूळच्या लेण्यांचा किंवा आपल्या गावातल्या वाड्यांचा दगड ओळखणाऱ्या माणसाचा हात त्या भिंतींवर न सांगता जातो. अरुंद खोल्या, उंबऱ्याचे घासलेले दगड, समाईक अंगण आणि धान्य दळण्याची दगडी जाती पाहिली, की छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडल्याची मार्क २ मधील हकिकत समजावून सांगावी लागत नाही. पांढऱ्या चुनखडीचे जे देखणे सभास्थान दिसते, ते मात्र चौथ्या-पाचव्या शतकातील आहे. येशूच्या काळच्या सभास्थानाचा काळा पाया त्याच्या खाली असल्याचे मानले जाते. पेत्राचे घर म्हणून दाखवले जाणारे घर फार पूर्वीपासून ख्रिस्ती लोकांनी पूज्य मानले होते, पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च बांधले गेले, आणि आजचे चर्च १९९० मधील आहे.

प्रत्येक स्थळाची खात्री सारखी नसते, हे अभ्यासवर्गातच मोकळेपणाने सांगून टाकावे. कफर्णहूम, कैसरिया, शिलोहाचे तळे यांच्या जागांविषयी शंका नाही. बेथलेहेमचे जन्मस्थान आणि पवित्र कबर यांच्यामागे अतिशय जुनी आणि सलग परंपरा आहे. काना गावासाठी मात्र निरनिराळ्या जागांचा दावा आहे. गेथशेमानेच्या बागेतील जैतुनांच्या बुंध्यांची तपासणी झाली तेव्हा सर्वांत जुने भाग बाराव्या शतकाच्या आसपासचे ठरले. यामुळे श्रद्धेला धक्का बसेल असे समजून काही पुढारी हे लपवतात. परंतु कैसरियात पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये सापडला, हे सांगताना जसा आपला आवाज चढतो, तसाच प्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूनेही दाखवला पाहिजे.

उत्तरेकडे असताना कर्मेल डोंगरावर एलीयाची आठवण करताना हैफा शहरातील भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीत थोडा वेळ थांबावे, असे मी सुचवीन. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा जिंकणाऱ्या घोडदळाच्या ब्रिगेडमध्ये जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबाद संस्थानाचे लान्सर्सही होते, आणि मराठवाडा त्या काळी त्याच संस्थानाचा भाग होता.

गालीलाहून खाली यार्देनेच्या खोऱ्याने यरीहोला यावे आणि तिथून यरुशलेमकडे चढावे. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे अडीचशे मीटर खाली आणि यरुशलेम साडेसातशे मीटरहून अधिक वर. जेमतेम तीस किलोमीटरांत एक हजार मीटरची ही चढण आहे. या प्रवासात मार्गदर्शकाचा माईक थोडा वेळ मागून घ्यावा आणि स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही आरोहणाची स्तोत्रे बसमध्ये क्रमाने वाचावीत. ओसाड डोंगर दोन्ही बाजूंनी सरकत असताना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील वाट याच उताराची होती, हेही सांगावे.

मुक्कामासाठी मी बेथलेहेमची शिफारस करीन. यरुशलेमपासून ते दहा किलोमीटरच्या आतच आहे, हॉटेले तुलनेने परवडतात, आणि यात्रेकरूंवर पोट असलेली तिथली पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबे जैतुनाच्या लाकडाच्या वस्तू बनवून गुजराण करतात. ये-जा करताना तपासणी नाके लागतात, म्हणून पासपोर्ट नेहमी जवळ ठेवावा. जन्मस्थानाच्या चर्चचे दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे; कंबर धरणाऱ्यांनी एका हाताने चौकटीचा आधार घेऊन सावकाश वाकावे. शनिवारी शब्बाथामुळे यरुशलेमचा यहुदी भाग बंद असतो, तेव्हा तो दिवस बेथलेहेमसाठी ठेवावा. रविवारी सकाळी पर्यटन न करता स्थानिक मंडळीबरोबर उपासनेला बसावे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदांना यरुशलेमातील सेंट जॉर्ज कॅथेड्रल, लूथरन परंपरेतल्यांना बेथलेहेमचे ख्रिसमस चर्च आणि कॅथलिकांना कोणतेही फ्रान्सिस्कन चर्च आपलेसे वाटेल. भाषा अरबी असली तरी उपासनेचा क्रम ओळखीचा असतो.

यरुशलेमात चार दिवस असावेत आणि जुन्या शहरात पहाटे लवकर शिरावे. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये सहा प्राचीन ख्रिस्ती पंथांचे हक्क ठरलेले आहेत आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबांकडे आहे. पहिल्या भेटीत मेणबत्त्या, धूप, निरनिराळ्या भाषांतील घोष आणि ढकलाढकल यांनी आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचे मन बिचकते. त्यांना बाहेरच्या चौकात बसवून या जागेचा इतिहास आधी सांगावा. हे मूळ चर्च ३३५ मध्ये अर्पण झाले, १००९ मध्ये पाडले गेले आणि पुन्हा उभे राहिले. दमास्कस वेशीबाहेरील बागेतील कबर, जिला काही लोक येशूची कबर मानतात, शांत, नीटनेटकी आणि प्रार्थनेला अनुकूल आहे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती येशूच्या काळापेक्षा कित्येक शतके जुनी मानली जाते, तरी प्रभुभोजनासाठी यापेक्षा चांगली जागा गटाला क्वचित मिळेल. तिथली वेळ मात्र आधी नोंदवून घ्यावी.

ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी हिज्कीया राजाच्या बोगद्यातून जावे. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस अश्शूरी वेढ्याच्या भीतीने शहरात पाणी आणण्यासाठी खडक फोडून केलेला हा ५३३ मीटर लांबीचा बोगदा आजही वाहतो. पाणी बहुतेक ठिकाणी गुडघ्याखाली असते आणि आरंभी मांडीपर्यंत येते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि नऊवारी नेसलेल्यांनी वरच्या वाटेने शिलोहाच्या तळ्याकडे यावे.

गाणे, पाणी आणि प्रार्थना

बेथेस्दा तळ्याच्या अवशेषांशेजारी बाराव्या शतकातील सेंट ॲनचे चर्च आहे. तिथे आवाज फार वेळ घुमत राहतो, म्हणून जगभरचे गट तिथे गातात. आपल्या गटाने झांज-ढोलकीचे जलद भजन तिथे निवडू नये. शब्द एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. संथ चालीचे, लांब स्वरांचे गीत घ्यावे, प्रत्येक ओळीनंतर श्वासभर थांबावे आणि मागची ओळ वरच्या कमानीतून परत येऊ द्यावी. निघण्यापूर्वी मंडळीतील पेटीवर सूर ठरवून ठेवावा, कारण तिथे वाद्य नसते आणि वृद्धांचा आवाज उंच पट्टीत फाटतो. जैतुनाच्या डोंगरावरील पाटर नोस्टर चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना शंभराहून अधिक भाषांत भिंतींवर लावलेली आहे. तिथे आपण ती मराठीत एकत्र म्हणावी.

यार्देनेत बाप्तिस्मा घेण्याविषयी गटात मतभेद होतात आणि ते नदीकाठी मिटवता येत नाहीत. ज्या मंडळ्या बाप्तिस्मा एकदाच मानतात, त्यांच्या पाळकांनी तिथे बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करावे आणि पाणी कपाळाला लावावे. बुडून बाप्तिस्मा घेण्याची इच्छा असणाऱ्यांनी आपल्या मूळ मंडळीच्या पुढाऱ्यांशी गावातच बोलून घ्यावे.

प्रकृती आणि सामान

नेहमीची औषधे पूर्ण मुदतीची, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालण्याचा सराव करावा आणि नवे बूट यात्रेतच पहिल्यांदा घालू नयेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी सर्वत्र चालते, परंतु दगडी पायऱ्यांसाठी सलवार अधिक सुरक्षित. भाकरी मिळणार नाही, पण खुब्स रोटी, हरभऱ्याचा हमस, फलाफल आणि ताजी काकडी-टोमॅटो सर्वत्र मिळते. सोबत कोरडी चटणी असली की वृद्धांचे जेवण अडत नाही.

मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. पाण्यात पाठीवर झोपावे, पालथे पडू नये, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे, त्या दिवशी दाढी करू नये, आणि डोळ्यांत पाणी गेल्यास चोळू नये, गोड्या पाण्याने धुवावे.

इजिप्तमधील सीनाय पर्वताचा समावेश फक्त सुदृढ गटाने करावा. जबल मूसा २,२८५ मीटर उंच आहे, चढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि वर थंडीने हात बधिर होतात. शेवटच्या साडेसातशे पायऱ्या उंटालाही चढता येत नाहीत. इतरांना पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात ठेवावे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला हा मठ आजही चालू आहे. तिथे बसून निर्गम १९ आणि २० वाचणाऱ्याची यात्रा अपुरी राहत नाही.

परतल्यावर

महिन्याभरात सर्व हिशेब पावत्यांसह मंडळीपुढे वाचावा आणि शिल्लक रक्कम ज्याची त्याला परत द्यावी; ती परस्पर चर्चच्या निधीत वळवू नये. फोटो एकत्र करून ते शुभवर्तमानाच्या क्रमाने लावावेत. त्यानंतर यात्रेकरूंनी दोघा-दोघांच्या जोडीने आसपासच्या खेड्यांतील लहान मंडळ्यांत जावे, तिथे नेमून दिलेला तोच उतारा पुन्हा वाचावा, आणि ऐकणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद ठेवून ती पुढच्या अभ्यासवर्गाच्या समितीकडे द्यावी.